दुसऱ्याच्या ताटावरील सत्ता

मनुष्यास वस्त्र नसले तर तो लाजेने घरात बसेल; छप्पर नसले तर झाडाखाली रात्र काढील; परंतु अन्न नसले तर थोड्याच दिवसांत त्याचा देह व त्याची इच्छा ही दोन्ही खचतात. म्हणून ज्याच्या हाती दुसऱ्याचे अन्न आहे, त्याच्या हाती इतर सर्व सत्तांहून निराळी अशी एक सत्ता असते. त्यास शस्त्र उचलावे लागत नाही, मोठ्याने बोलावेही लागत नाही. तो कोठाराची कडी लावतो, आणि उरलेले काम भूक करते. ही सत्ता न्यायाची केव्हा व अन्यायाची केव्हा, आणि तो भेद साध्या मनुष्याने कशावरून ओळखावा, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडीत आहो.

कोणी म्हणेल, हा प्रश्न दिल्लीच्या मंत्र्यांचा आहे. रत्नागिरीच्या डोंगरकपारीत राहणाऱ्या शेतकऱ्यास त्याचे काय? आमचे उत्तर असे की, ज्यास हा प्रश्न दूरचा वाटतो त्याच्याच घरात तो सर्वांत आधी येतो. जिनीवा शहरी एक करार लिहिला जातो, आणि रास्त भावाच्या दुकानातील तांदळाशी त्याचा संबंध पोचतो. ब्रुसेल्स शहरी एक ठराव होतो, आणि हापुसाच्या पेटीचा भाव बदलतो. ज्याचे पोट भरलेले आहे त्यास ह्या गोष्टी वर्तमानपत्रात वाचावयास मिळतात. ज्याचे भरलेले नाही, त्यास त्या वाचाव्या लागत नाहीत, भोगाव्या लागतात.

दूरच्या देशांकडे पाहण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्याचा पूर्वेतिहास पाहू. कोकणात खोती होती. सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सारा तो भरी, आणि कुळाकडून पिकाचा वाटा तो घेई. अर्धेली कुळास भाताचा अर्धा हिस्सा, व वरकस जमिनीवरील नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोचता करावा लागे. वरवर पाहता ह्यात वाईट ते काय? पीक बुडाले तर दोघांचेही बुडाले. परंतु उभ्या पिकाचा अंदाज कोणी करावयाचा? खोताच्या माणसाने. माप कोणाचे? खोताचे. वर वेठीचे काम निराळेच. तेव्हा हिस्सा जरी ठरलेला होता, तरी तो ठरविणारा हात एकाचाच होता, आणि त्या हातास विचारणारे कोणी नव्हते.

ह्याचा शेवट कसा झाला, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावी, १९३३ साली कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली जमीन कसण्याचेच नाकारले. खोताने कोठाराला कडी लावावी, त्याऐवजी कुळांनीच शेताला कडी लावली, असे म्हटले तरी चालेल. हा संप १९३९ पर्यंत चालला, व त्या वर्षांत त्या कुटुंबांनी मोलमजुरीवर अतिशय हालात दिवस काढिले. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉक्टर आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचे विधेयक मांडिले. आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ह्यावरून आम्ही दोन प्रश्न शिकतो. पहिला असा: जो निर्णय करतो, त्याच्या पदरी त्या निर्णयाच्या तोट्याचा काही अंश पडतो काय? दुसरा असा: ज्याच्या ताटाविषयी निर्णय होतो, त्यास मापाविषयी बोलण्याचा काही अधिकार आहे काय? जेथे ह्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ असे येते, तेथे सत्ता कितीही गोड बोलो, ती अन्यायाचीच होय. हेच दोन प्रश्न घेऊन आता पुढे जाऊ.

रत्नागिरी जिल्ह्याचे भात रत्नागिरीकरांस कधी वर्षभर पुरले नाही. पाऊस मुबलक, पण कातळ अफाट व माती थोडी. म्हणून येथील पुरुष मुंबईच्या गिरणीत गेले व तेथून मनिऑर्डरी आल्या. आणि मुंबई बंदरात ब्रह्मदेशचा तांदूळ उतरू लागला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेविले. १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. राजा येथे बंदिवान, आणि त्याच्या देशाचा तांदूळ जगाच्या बाजारात! त्या काळी अनेकांस ही व्यवस्था अक्षय वाटली. परंतु १९४२ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाहून हिंदुस्थानात येणारा लक्षावधी टन तांदूळ एकाएकी थांबला.

तांदूळ थांबल्याचा धक्का सर्वांस लागला, पण सारखा लागला नाही. मुंबईत १९४३ साली शिधापत्रिकेवर धान्य मिळू लागले. कलकत्त्यात युद्धाच्या कामी ज्यांची गरज होती त्यांच्यासाठी धान्य राखिले गेले. परंतु बंगालच्या खेड्यांत, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने आधीच होड्या काढून घेतल्या होत्या व तांदूळ उचलला होता. तेथील कोळी, विणकर व भूमिहीन मजूर यांच्या हाती वाढलेल्या भावाने तांदूळ घेण्यास पैसा राहिला नाही. १९४३ च्या त्या दुष्काळात किती माणसे गेली? सरकारी चौकशी मंडळाने सुमारे १५ लक्ष म्हटले. पुढील अभ्यासकांनी सुमारे ३० लक्षांपर्यंत आकडा नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, मनुष्य केवळ धान्य नसल्याने मरत नाही. असलेल्या धान्यावर त्याचा हक्क न चालल्याने मरतो. आमचे दोन प्रश्न येथे लावून पाहा. होड्या काढून नेण्याचा हुकूम ज्यांनी दिला, त्यांच्या घरी एका वेळचे जेवण चुकले काय? आणि ज्याची होडी गेली, त्यास कोणी विचारिले होते काय?

देश स्वतंत्र झाला, तरी भूक लागलीच स्वतंत्र झाली नाही. १९५४ साली अमेरिकेने आपले शिलकी धान्य परदेशांस सवलतीने देण्याचा कायदा केला, आणि १९५६ साली त्याखाली भारताशी करार झाला. पुढे १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि त्यातील मोठा भाग अमेरिकेचा होता. ह्या धान्याने पुष्कळांचे प्राण वाचले, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. परंतु त्या काळी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे धान्य वर्षाचे एकदम न देता थोडे थोडे, महिन्याच्या हिशोबाने सोडीत. भारताने आपले शेतीचे धोरण बदलावे अशी त्यांची अट होती, आणि व्हिएतनामच्या युद्धाविषयी भारताने केलेली टीका त्यांस रुचली नव्हती. दाता चांगला होता, दानही खरे होते. पण दानाला दोरी बांधलेली होती व दोरीचे टोक दात्याच्या हातात होते. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ साली लोकांस आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली, तिचे मर्म येथे आहे. ज्या पुढाऱ्याने लोकांस उपास सांगितला, त्याने तो आधी आपल्या घरी सुरू केला. पहिल्या प्रश्नास ह्याहून स्पष्ट उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

१९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणून पेरण्यात आले व पुढे देशाची कोठारे भरू लागली. दोरी सैल झाली, पण संकट संपले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लोकांनी खडी फोडून सुकडी खाल्ली व परदेशची लाल मिलो ज्वारी दळून भाकरी केली. ज्या वडिलधाऱ्यांनी ती भाकरी खाल्ली, त्यांस तिची चव पुसावी. ते हसून सांगतील, पण विसरले नाहीत असे दिसेल.

पुढे काळ बदलला व दोरीचे रूपही बदलले. आता ती धान्याच्या पोत्याला नव्हे, तर कागदाला बांधिली जाऊ लागली. १९९५ च्या जानेवारीपासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्या शेतीविषयक करारात असा एक नियम आहे की, सरकारने ठरीव भावाने धान्य विकत घेताना शेतकऱ्यास दिलेले साहाय्य त्या पिकाच्या एकंदर मोलाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये. नियम ऐकावयास ठीक आहे. परंतु साहाय्य मोजावयाचे कसे? तर १९८६ ते १९८८ ह्या वर्षांच्या भावाशी आजचा भाव ताडून! आपल्या आजोबांच्या लग्नातील बाजारभाव काढून त्यावरून आज नातवास दोषी ठरवावे, त्यातला हा प्रकार. भारताने २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा करून पात्र कुटुंबांतील दर माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्यासाठी सरकारने धान्य विकत घेऊन साठविणे अवश्य आहे. म्हणून त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात बाली येथील परिषदेत भारताने हा वाद लढविला, आणि कायमचा निकाल लागेपर्यंत अशा साठ्याविरुद्ध फिर्याद करू नये अशी सवलत मिळविली. २०२४ साली अबू धाबी येथे भरलेल्या परिषदेतही तो कायमचा निकाल लागला नाही. वाचकांनी पाहावे की, येथेही भांडण खोतीच्या काळचेच आहे. हिस्सा किती, हा प्रश्न मागाहूनचा. माप कोणाचे, हा आधीचा.

आता आपल्या आंब्याकडे वळू. पूर्वी डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक होत असे. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबागांची योजना काढिली, आणि त्या उतारांवर हापुसाची व काजूची कलमे उभी राहिली. ह्याने पुष्कळ घरांत पैसा आला, मुले शिकली, चिरेबंदी घरे झाली. हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक फरक झाला. नाचणी पिकविणारा मनुष्य बाजार पडला तर नाचणी खाऊन राही. आंबा पिकविणारा मनुष्य बाजार पडला तर आंबा खाऊन वर्ष काढू शकत नाही. जो खातो ते पिकवीत नाही, आणि जे पिकवितो ते खात नाही, असा मनुष्य दोन्ही बाजूंनी दुसऱ्याच्या हाती जातो.

ह्याचा अनुभव लवकरच आला. अमेरिकेने आपला आंबा बरीच वर्षे घेतला नव्हता. २००७ साली तो घेण्याचे ठरले, तेव्हा त्याच सुमारास भारताने अमेरिकेच्या मोठ्या मोटारसायकलींस वाट मोकळी केली, आणि आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल असे लोक बोलू लागले. आंबा नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात किरणांची प्रक्रिया करून, अमेरिकन निरीक्षकाच्या देखत पाठवावयाचा होता. २०२० व २०२१ साली महामारीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, आणि ती निर्यात बंद राहिली; २०२२ साली पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या मे महिन्यात तर प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर कागदपत्रांतील दोषाचे कारण सांगून नाकारण्यात आल्या. परत न्या किंवा नष्ट करा, असे मालाच्या धन्यांस सांगण्यात आले. नाशवंत फळ परत कोण आणणार? ते तेथेच नष्ट करण्यात आले.

युरोपाची गोष्ट ह्याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड सापडली. म्हणून युरोपीय संघाने २०१४ च्या मार्च महिन्यात ठराव करून १ मेपासून आपला आंबा, तसेच वांगी, कारली, पडवळ व अळू, ह्यांस बंदी केली. मे महिना म्हणजे ऐन हंगाम. ही बंदी अन्यायाची होती काय? आमचे मत असे की, तिचे कारण न्यायाचे होते. इंग्लंडच्या काचगृहांतील टोमॅटो व काकडी पिकविणाराही शेतकरीच आहे. परदेशची कीड आपल्या पिकावर येऊ नये असे त्यास वाटले, तर आपण त्याच्या ठिकाणी काय केले असते? पुढे भारताने तपासणीची व गरम पाण्याच्या प्रक्रियेची व्यवस्था सुधारली, आणि २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरील बंदी उठविण्याचे ठरले. म्हणजे येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अगदीच ‘नाही’ असे नव्हते. बोलावयास जागा होती, व बोलणे ऐकले गेले. परंतु पहिल्या प्रश्नाचे काय? कलमे मोहरून फळे पोसली गेल्यावर ठराव झाला, तेव्हा तोटा ठराव करणाऱ्यांस झाला नाही. तो बागायतदारास झाला, त्याहून अधिक फळे उतरविणाऱ्या मजुरास झाला, आणि लेस्टर शहरातील ज्या दुकानदारांनी ह्या बंदीविरुद्ध ओरड केली त्यांसही झाला. तेव्हा कारण न्यायाचे असूनही रीत कठोर असू शकते, हे आपण शिकावे. नकार देण्याचा हक्क निराळा, आणि तो कोणत्या वेळी व कसा द्यावा हे निराळे.

येथवर वाचून कोणास वाटेल की, आपण नेहमी सोसणारे, आणि बाहेरचे सर्व खोत. तसे नव्हे. भारत देश आता जगातील तांदळाच्या निर्यातीपैकी सुमारे चाळीस टक्के तांदूळ एकटा पाठवितो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया व युक्रेन यांच्यात युद्ध पेटले व गहू जगभर महागला. तेव्हा १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबविली. २०२३ च्या २० जुलैस बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती बंदी २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस उठली. आपल्या गरिबाच्या ताटात भात राहावा हा हेतू होता, आणि तो चांगला होता. परंतु पश्चिम आफ्रिकेत भारताच्या तांदळावर जेवणारी घरे आहेत. १९४२ साली रंगूनचा तांदूळ थांबला तेव्हा आपल्यास काय वाटले असेल, तेच त्या घरांतील आयांस वाटले असेल. गरजू देशांच्या सरकारांनी विनंती केल्यास परवानगीने तांदूळ द्यावा अशी एक खिडकी भारताने उघडी ठेविली होती. ही गोष्ट भूषणाची होय. पण खिडकीशी उभ्या राहणाऱ्याचे मन कसे असते, हे ज्याने कधी खिडकीशी उभे राहून पाहिले आहे, त्याने विसरू नये. आणि आपल्या राज्यातीलच उदाहरण घ्या. २०२३ च्या ८ डिसेंबरपासून २०२४ च्या ४ मेपर्यंत कांद्याची निर्यात बंद होती. शहरातील गृहिणीस कांदा स्वस्त व्हावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने भाव गमाविला. गृहिणीस स्वस्त कांदा मिळावा हे योग्यच. पण त्या स्वस्ताईची किंमत सर्वांनी मिळून भरावयाची, की एकट्या शेतकऱ्याने?

पवित्र शास्त्रात योसेफाची कथा आहे, ती ह्या प्रश्नाला इतकी लागू आहे की तिचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठविले व दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांस जगविले, एवढा भाग आम्ही मुलांस शिकवितो. परंतु पुढचा भाग क्वचितच सांगतो. लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या, आणि शेवटी आपली शरीरे दिली. आणि सर्व मिसर देश फारोचा झाला. योसेफ दुष्ट नव्हता. त्याने प्राण वाचविले. तरी चांगल्या मनुष्याच्या हातूनही, कोठार एकाच हाती असल्यामुळे, सबंध राष्ट्र बांधले गेले. आणि एक बारीक गोष्ट तेथेच लिहिली आहे: याजकांस मात्र आपल्या जमिनी विकाव्या लागल्या नाहीत, कारण त्यांस फारोकडून शिधा बांधून दिला होता. ज्यांचा शिधा बांधलेला आहे अशा आम्हा लोकांनी, म्हणजे पाळकांनी, शिक्षकांनी, सरकारी नोकरांनी, दुसऱ्याच्या भुकेविषयी उपदेश करण्यापूर्वी हे वाक्य दोनदा वाचावे.

कोणी म्हणेल, तर मग उपाय सोपा आहे: प्रत्येकाने आपले पिकवावे व आपले खावे, बाहेरच्या कोणाशी संबंधच नको. हे आम्हास पटत नाही. ज्या हापुसाचा आपण अभिमान धरितो त्याचे नाव पोर्तुगीज आहे. काजू व मिरची समुद्रापलीकडून आली. आणि रत्नागिरीचे भात रत्नागिरीस पुरत नाही हे आधी सांगितलेच आहे. ज्या वर्षी आपल्याकडे पाऊस चुकतो, त्या वर्षी दुसरीकडे पिकलेले धान्यच आपल्यास तारते. एकमेकांवर अवलंबून असणे हा दोष नव्हे. मनुष्यजात अशीच जगते. दोष आहे तो एकतर्फी अवलंबून असण्यात. दोघांच्याही हाती दोरीचे एकेक टोक असले, तर ती दोरी बंधन न होता आधार होते.

तेव्हा आपण काय करावे? सर्व जमीन कलमांखाली घालू नये; थोडे भात, थोडी नाचणी व घरचे बियाणे राखावे. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळिले. ज्या नाचणीस आपण गरिबाचे अन्न म्हणून लाजत होतो, तिला जगाने मान दिला. एकट्याने दलालापुढे उभे राहू नये. दहा घरांनी मिळून माल विकावा, म्हणजे मापाविषयी बोलावयास तोंड येते. २०१८ साली हापूस ह्या नावास रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव आपलेच राखण जपते. परप्रांतीचा आंबा आपल्या पेटीत भरून हापूस म्हणून विकणारा मनुष्य आपल्याच शेजाऱ्याचे माप खोटे करितो.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत जवळची. आपल्या बागांत राखणीस व फळे उतरविण्यास नेपाळाहून माणसे येतात. हंगाम बुडाला तर त्यांची मजुरी आधी कापली जाते काय? ठरलेला पगार ठरल्या दिवशी मिळतो काय? त्यांस मापाविषयी बोलता येते काय? ब्रुसेल्सच्या ठरावावर रागावणाऱ्या बागायतदाराने हे प्रश्न प्रथम आपल्या मांगरात विचारावे. त्याहूनही जवळ पाहा. पुष्कळ घरांत स्वयंपाक करणारी बाई सर्वांच्या मागून जेवते, आणि ज्या दिवशी कालवण कमी पडते त्या दिवशी ते तिच्याच ताटात कमी पडते. तो निर्णय कोणी केला? तो करताना तिला विचारिले होते काय? आणि करणाऱ्याच्या ताटातून काय कमी झाले?

जिनीवाचा करार बदलणे आमच्या वाचकांच्या हाती नाही, आणि अमेरिकेच्या विमानतळावरील कागदही त्यांच्या हाती नाही. परंतु प्रत्येकाच्या हाती कोणाचे ना कोणाचे ताट आहे. मजुराचे, कुळाचे, सुनेचे, म्हाताऱ्या आईचे. त्या ताटाच्या बाबतीत जो खोत होत नाही, त्यासच मोठ्या खोतांविषयी बोलण्याचा अधिकार आहे, आणि त्याचेच बोलणे एक दिवस ऐकले जाईल. तोवर आपल्या हातातील माप खरे ठेवावे. आणि हंगामाच्या शेवटी हिशोब होईल तेव्हा मजुराचे पैसे प्रथम मोजून बाजूस काढावे, मग आपले.